साइड कुणी कुणाला द्यायची

शेताच्या बांधावरून सातारा-सांगली पट्ट्यात जेवढी डोकी फुटली, तेवढी दुसऱ्या कुठल्या कारणानं फुटली नसतील. शेजाऱ्यानं नांगरट करताना चार बोटं बांध कोरला, की भाऊबंदकी पेटते, मोजणीवाले येतात, तहसीलदार होतो, प्रांत होतो, आणि आजोबानं घातलेली केस नातू चालवतो. वकिलाच्या फीमध्ये तेवढी जमीन दुसरीकडं दोनदा विकत घेता आली असती, पण मुद्दा जमिनीचा नसतोच. आता गंमत अशी, की हीच चार बोटांची माणसं गाडीत बसून हायवेला लागली, की दोन लेनमधली पांढरी रेघ त्यांना दिसत नाही. गाडीचं निम्मं अंग या लेनमध्ये, निम्मं त्या लेनमध्ये, आणि रेघ बरोबर पोटाखालून चाललेली. एकाला मी धाडस करून विचारलं. तो म्हणाला, "तिचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

यावर काय बोलणार?

हा रस्ता म्हणजे पुणे-बेंगलोर हायवे. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे नंबर बदलले आणि ४ नंबरचा ४८ झाला, पण आमच्याकडं अजून तो ‘येनफोर’च आहे. शिरवळला नीरा ओलांडून तो साताऱ्यात शिरतो, खंबाटकी चढतो, भुईंज, सातारा, उंब्रज, कराड करत कासेगाव-नेर्ल्यावरून पेठ नाक्याला येतो. तिथं सांगलीची माणसं डावीकडं वळतात आणि कोल्हापूरची सरळ जातात. वळण्याच्या शंभर पावलं आधीपर्यंत सांगलीची माणसं सगळ्यात उजव्या लेनमध्ये असतात आणि कोल्हापूरची सगळ्यात डाव्या, त्यामुळं पेठ नाक्यावर जो काही सोहळा होतो तो बघण्यासारखा असतो.

कायदा तसा सोपा आहे. गाडी डावीकडून चालवायची, पुढच्याला ओलांडायचं असेल तेव्हा उजवीकडं यायचं, ओलांडून झालं की परत डावीकडं जायचं. यातला उजवीकडं यायचा भाग आमच्या सगळ्यांना पाठ आहे. परत जायचा भाग बहुतेक परीक्षेला आलाच नव्हता.

पण एका बाजूनं बोलण्यात अर्थ नाही. डावी लेन काय चीज आहे, तेही बघितलं पाहिजे. जड गाड्यांनी ती खचलेली असते, डांबराला दोन चाकांच्या दोन नाल्या पडलेल्या असतात आणि स्टिअरिंग सोडलं तरी गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते. सर्व्हिस रोडवरून येणारा माणूस मागं न बघता त्याच लेनमध्ये घुसतो, कारण मागं बघायचं काम मागच्याचं. वडापची जीप तिथंच थांबते, कारण म्हातारीनं हात केलेला असतो. पंक्चर झालेला ट्रक तिथंच उभा असतो आणि त्याच्या मागं धोक्याची खूण म्हणून दोन दगड आणि बाभळीची एक फांदी ठेवलेली असते. (फांदी वाळलेली असली तर ट्रक कालपासून आहे, हिरवी असली तर आत्ताच. ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.) सुरूर फाट्याच्या आसपास हंगामात स्ट्रॉबेरीवाले असतात, त्यांच्यासाठी पुण्याची गाडी शंभरच्या वेगातून थेट शून्यावर येते. अशा लेनमध्ये माल भरलेला ट्रक घेऊन कोण जाईल? म्हणून तो उजवीकडं डिव्हायडरला लागून चालतो. तिथं निदान अचानक कुणी आडवं येत नाही. असा हिशेब सगळ्यांनीच केल्यामुळं जड आणि हळू ते सगळं उजवीकडं आणि ज्याला पळायचंय तो डावीकडून, नागमोडी. कायद्याची अंमलबजावणी पूर्ण होते, फक्त आरशात बघितल्यासारखी.

या उजव्या लेनचे अनेक मानकरी आहेत, पण मला जवळून अभ्यासायला मिळाले ते आमचे मामा. वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या विकास सोसायटीचे ते निवृत्त सचिव. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला कर्जाचा फॉर्म वेळेआधी दिला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी पांढरी मोटार घेतली आणि तीच शिस्त रस्त्यावर आणली. मामांचा वेग ताशी साठ. चढ असो, उतार असो, बोगदा असो, साठ. आणि जागा डिव्हायडरला लागून. मागून एखादा डिपर द्यायला लागला, की बाजूला बसून मला कसंनुसं होतं.

"मामा, मागचा साइड मागतोय."

"मागू दे की. दिली तर मागं कोण राहणार, आपणच का?"

"त्याला घाई असंल."

"मग पहाटं निघायचं."

मागचा कंटाळून डावीकडून निघाला, की मामांच्या साठमध्ये कुठूनशी जान येते. सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या साड्या बघतायत. मी मामांना सांगितलं, की कुणी ओलांडत असताना आपण वेग वाढवायचा नसतो. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि २०१७ ला नवे नियम आले त्यातही ते ठेवलंय. म्हणजे देशभरात या स्वभावाची माणसं आहेत हे सरकारला माहीत होतं. मामा म्हणाले, "मी कुठं वाढवला? उतार लागला." उतार नव्हता. उंब्रजच्या पुढं होतो.

मामांचं धोरण सरसकट नाही, हे इथं नमूद केलं पाहिजे. आरशात आधी ते मागच्या गाडीचा नंबर वाचतात. एमएच १० असेल तर सांगलीचा, म्हणजे आपला माणूस, त्याला थोडं थांबवून पण देतात. ५० म्हणजे कराड. कराडला स्वतःचा नंबर मिळाला तेव्हापासून तिथल्या माणसांचं वागणं बदललंय असं त्यांचं मत आहे, त्यामुळं त्यांना जरा जास्त थांबवतात. ०९ कोल्हापूर, लगेच देऊन टाकतात, "उगं कशाला". १२ पुण्याचा आणि सुरूर फाटा मागं पडलेला असेल, तर मामांचा चेहरा कडक होतो. "महाबळेश्वरला वळला नाही, म्हणजे याला काय काम हाय इकडं?" रात्रीच्या बेंगलोरच्या स्लीपर बसला मात्र ते काही बोलत नाहीत. ती साइड मागत नाही, घेते.

गाडीच्या वेगाशी याचा काहीही संबंध नाही, हे ध्यानात आलं असेल. हायवेवर कुणी कुठल्या लेनमध्ये असावं हे आमच्याकडं वेगावर ठरत नाही, मानावर ठरतं. आणि उजवी बाजू ही मानाची बाजू.

आता दुसरी जात बघू. हे मागून येणारे. गाडी काळी किंवा पांढरी, उंच, काचा शक्य तितक्या काळ्या. नंबरप्लेटवर अंक असे वळवलेले असायचे, की त्यातून ‘दादा’ नाहीतर ‘राम’ वाचलं जावं. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कारखान्यातूनच सरकारी पाट्या येऊ लागल्या आणि ही लोककला जवळजवळ संपली. या गाडीतल्या माणसाला कुठं पोचायचंय हे महत्त्वाचं नसतं, तुमच्या पुढं असायचं असतं. तो तुमच्या डिकीला इतका चिकटतो, की आरशात त्याचा फक्त गणपती दिसतो. हिशेब मांडून बघा. सातारा ते कराड साधारण ५० किलोमीटर. ताशी ८० नं गेलात तर साडेसदतीस मिनिटं, १०० नं गेलात तर तीस. रक्त आटवून, चार जणांच्या आयाबहिणींची आठवण काढून, दोन कट मारून त्यानं साडेसात मिनिटं वाचवलेली असतात. ती तो तासवडे टोलनाक्यावर घालवतो, कारण त्याच्या फास्टॅगमध्ये बॅलन्स नसतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, पण तो भरायचा असतो ही बातमी अजून सगळीकडं पोचायची आहे. रांगेत आम्ही त्याच्या मागंच येऊन उभे राहतो. मामा काच खाली करतात, त्याच्याकडं बघतात आणि प्रेमानं विचारतात, "पोचला का?"

डिपर हा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. आमच्याकडं समोरच्यानं डिपर दिला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. पुढं पोलीस असले तरी डिपरच. तुमचे हेडलाइट चालू राहिलेत, दार उघडं आहे, पदर बाहेर आलाय, सगळ्याला डिपर. ओळखीचा दिसला तरी डिपर. एवढी ओझी एकाच बटणावर टाकल्यावर घोटाळा होणारच. माझा एक पुतण्या जर्मनीत असतो. तो सांगतो, की तिथल्या कायद्यानं वस्तीबाहेर ओलांडण्याची सूचना म्हणून दिवा चमकवायला रीतसर परवानगी आहे, आणि चमकला की पुढचा मुकाट्यानं बाजूला होतो, मग गाडी कुणाचीही असो. इंग्लंडमध्ये लेन अडवून बसणाऱ्याला २०१३ पासून पोलीस जागेवर १०० पौंड दंड करू शकतात. हे ऐकून मामांनी पौंडाचा भाव विचारला, मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "एवढ्यात दुभती शेळी येती."

ट्रकचा उजवा इंडिकेटर हे त्याहून मोठं कोडं. त्याचा एक अर्थ, मी उजवीकडं वळतोय. दुसरा अर्थ, पुढं मोकळं आहे, तू उजवीकडून काढ. दोन्ही अर्थ प्रचलित आहेत आणि दोहोंत अंतर जीव जाण्याएवढं आहे. जाणकार इंडिकेटरकडं बघत नाहीत, किन्नरच्या हाताकडं बघतात. डाव्या खिडकीतून बाहेर आलेला तो हात खरा सिग्नल. पंजा खालीवर हलला तर थांब, मागून पुढं ओवाळला तर ये. बिडी झटकत असेल तर मात्र अर्थ नाही. आताशा बऱ्याच ट्रकांवर किन्नर नसतोच, एकटा ड्रायव्हर असतो, त्यामुळं ही भाषा बोलणारी शेवटची पिढी आपण बघतोय. ‘हॉर्न ओके प्लीज’ तर २०१५ सालीच परिवहन खात्यानं महाराष्ट्रातल्या मालगाड्यांवरून पुसायला लावलं, लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून. पाटी गेली. हॉर्न राहिला.

खंबाटकीच्या चढाला या सगळ्यांची गाठ पडते. पुण्याहून साताऱ्याला येताना घाट चढायचा आणि परत जाताना बोगद्यातून जायचं, अशी एकेरी वाटणी झाल्याला आता बरीच वर्षं झाली. समोरून कुणीच येत नाही, म्हणजे सगळा घाट आपला. तिथं एक ट्रक चाललेला असतो. त्याच्या मागं दुसरा. मागच्याला वाटतं, याच्यामुळं आपण अडकलोय. सपाटीवरचा हिशेब घेतला, पुढचा ५० नं आणि मागचा ५२ नं, तरी दोघांची लांबी आणि मागंपुढं सोडायची जागा धरून त्याला पन्नासेक मीटर जास्तीचे कापावे लागतात. तासाला २ किलोमीटरच्या फरकानं याला दीड मिनिट लागतं आणि तेवढ्यात दोघंजण शेजारी शेजारी सव्वा किलोमीटरच्या वर निघून गेलेले असतात, मागं साठ मोटारींची वरात घेऊन. घाटात तर फरक दोनाचाही राहत नाही. मध्यावर आल्यावर उजव्याचा दम संपतो आणि दोघं एकाच वेगानं चढू लागतात. मग काचा खाली होतात. कुठून आला, काय भरलंय, भाडं काय मिळालं, अशी चौकशी सुरू होते. मागच्या मोटारींतली माणसं हॉर्न वाजवतात ते ऐकू येत नाही असं नाही, पण दोन कष्टकरी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं.

याच्या उलट वाईचा पसरणी घाट. तो दुहेरी, अरुंद, आणि वर पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी. घाटरस्त्याचा जुना नियम असा, की रुंदी पुरत नसेल तिथं उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा एक नियम आमच्याकडं लोक आवडीनं सांगतात, कारण त्यात मान कुणाचा ते लिहून ठेवलंय. वळणावर दोन मोटारींची नाकं एकमेकींना भिडलेली असतात आणि दोन्ही चालक खाली उतरून ‘मी चढतोय’ असं सांगत असतात. एकाचं तोंड वाईकडं आहे, म्हणजे तो उतरतोय हे उघड आहे, पण तो म्हणतो, आत्ता एवढा तुकडा चढच आहे. दहा मिनिटांनी वरून लाल एसटी येते. १९४८ च्या जूनमध्ये पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटीच्या ड्रायव्हरनं कुणाशी वाद घातलेला नाही. तो इंजिन बंद करतो, चुन्याची डबी काढतो आणि तळहातावर तंबाखू मळत खिडकीतून या दोघांकडं बघत बसतो. त्याची नजर अशी असते, की दोन्ही मोटारी आपोआप मागं सरकायला लागतात.

राँग साइडचं तेवढं सांगायचं राहिलं. भुईंजच्या अलीकडं एकदा भर दुपारी समोरून मोटारसायकल आली. आमच्या लेनमध्ये, आमच्याकडं तोंड करून, अगदी निवांत. मागं वैरणीचा भारा एवढा मोठा, की माणूस गवतातून उगवल्यासारखा दिसत होता. मी ब्रेक दाबून काच खाली केली.

"काका, राँग साइडनं येताय."

"घरी चाललोय."

"अहो, पण हायवे आहे हा!"

त्यानं गाडी स्टँडला लावली. भारा सावरला. मग हातानं डिव्हायडरच्या पलीकडचं शेत दाखवलं, अलीकडचं घर दाखवलं आणि मधल्या रस्त्याकडं बोट करून म्हणाला, "आमच्या आज्ज्याचं रान होतं ह्ये. तवा दोन एकर गेलं. आता म्हशीला वैरण न्यायला म्या तीन किलोमीटर वळसा घालून येऊ व्हय? कुणाच्या रानात गाडी चालवताय, ते बघा आधी."

मी मामांकडं बघितलं. मामा त्याच्याकडं आदरानं बघत होते. पुढं दोन किलोमीटर ते बोलले नाहीत, आणि मग एवढंच म्हणाले, "मोबदला त्या टायमाला कमीच दिला."

खरं तर या माणसाचंही काही चूक नाही. सहा पदरांचा रस्ता आखणाऱ्यानं ट्रक धरले, मोटारी धरल्या, म्हैस धरली नाही.

मग वाटतं, की आपल्या माणसांना रांगेत चालणं जमतच नाही का? तर तसंही नाही, आणि याचा पुरावा याच सातारा जिल्ह्यात दर वर्षी मिळतो. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, मग तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढं जाते. लाखांनी माणसं एकाच रस्त्यानं एकाच दिशेला चाललेली. आणि प्रत्येक दिंडीला नंबर. रथाच्या पुढच्या २७, बाकीच्या रथाच्या मागं, ज्याची त्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. रथापुढची चौदा नंबरची दिंडी तेराच्या पुढं गेली असं होत नाही. मागचा पुढच्याला खेटत नाही. पाय दुखणारा म्हातारा कडेनं चालतो आणि त्याच्यामुळं कुणाचा खोळंबा होत नाही. तक्रारीची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि सगळे टाळ गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, टाळ थांबतात. आरती सुरू.

हा कार्यक्रम बघून परत येणारी तीच माणसं टेम्पोत बसतात आणि फलटणच्या बाहेर पडायच्या आत तिसऱ्या लेनचा शोध लावतात. रस्ता दोन लेनचा असतो.

रुग्णवाहिका आली तर मात्र साइड मिळते, हे कबूल केलं पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनं वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड ठेवलाय, पण लोक दंडाला भिऊन देतात असं मला वाटत नाही. आतून देतात. फक्त रुग्णवाहिका गेली की तिच्या मागं जी मोकळी पन्हाळी पडते, तीत चार मोटारी घुसतात आणि नातेवाईक असल्यासारखा चेहरा करून कराडपर्यंत जातात.

उसाचा हंगाम सुरू झाला, की हे सगळे भेदाभेद संपतात. भुईंजपासून सांगलीपर्यंत एकामागून एक कारखाने पेटतात आणि दिवाळीनंतर चार महिने रस्त्याचा खरा मालक एकच, ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, ब्रेकचे दिवे उसात गडप, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असा कर्णा, की गाणं आधी ऐकू येतं आणि ट्रॅक्टर नंतर दिसतो. पेठ नाक्यावरून सांगलीकडं वळलं की दोन-तीन फर्लांगाला एक. मागच्या जानेवारीत मी आणि मामा असेच एकाच्या मागं सापडलो. मामा गाडी चालवत होते. वेग पंधरा. साठवाल्या माणसाला कुणीतरी पंधरावर आणलं होतं, आणि मी तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होतो.

मामांनी डिपर दिला. हॉर्न दिला. पुन्हा डिपर दिला. पुढून फक्त गाणं येत होतं. "साइड द्यायची काही पद्धत हाय का न्हाय?" असं ते काचेला सांगत होते. शेवटी एका टपरीपाशी ट्रॅक्टर थांबला, ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला. मामाही उतरले. सोसायटीत थकबाकीदाराशी बोलायचा तो आवाज मला गाडीत ऐकू येत होता.

"काका, दिली असती साइड," पोरगं म्हणालं, "पर चाक डांबराखाली उतारलं की मागली ट्रॉली तुमच्या टपावर. तुम्हीच सांगा, काय करू."

"कुठनं भरलास?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. मामांचंच. मग मळ्याचं नाव सांगितलं. मामा दोन पावलं मागं झाले आणि त्यांनी ट्रॉलीकडं खालून वरपर्यंत बघितलं. महिनाभर ज्या तोडीसाठी ते मुकादमाला रोज फोन करत होते, ती सकाळी त्यांच्या अपरोक्ष येऊन गेली होती. पोरानं चहा प्यायला तेव्हा पैसे मामांनी दिले.

त्यानंतर कारखान्याच्या फाट्यापर्यंत आम्ही ट्रॅक्टरच्या मागंच होतो. पंधराच्या वेगानं, चारी इंडिकेटर लावून, रस्त्याच्या बरोबर मधोमध. मागं शंभरेक गाड्या साचल्या. आरशात डिपरांची दिवाळी चालली होती. एक मोटारसायकल डाव्या बाजूनं पुढं निघाली, मागं बसलेल्या पोरानं चालता चालता हात लांब करून ट्रॉलीतला एक ऊस खसकन ओढला आणि दोघं हसत पसार झाले. मामांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"मामा, मागचे साइड मागतायत," मी म्हणालो.

"ते गेलं चुलीत," मामा म्हणाले. "तू पुढं लक्ष ठेव. काट्यावर जाईस्तवर वजन कमी होतंय."